बासष्ट

श्रावणातल्या एका रात्री वीज गेली होती आणि मी मेणबत्तीच्या उजेडात, शाळेत माझ्याकडे धावायला शिकणाऱ्या मुलींच्या नाडीच्या वह्या बघत बसले होते. बाहेर पाऊस कौलांवर असा कोसळत होता की घरातलं घड्याळही ऐकू येत नव्हतं. पाच मुलींच्या पाच वह्या, दमट हवेनं कोपरे फुगलेल्या. सकाळी जाग आली की अंथरुणातून उठायच्या आधी मनगटावर दोन बोटं ठेवायची, मिनिटभर ठोके मोजायचे आणि तारखेसमोर लिहायचे, एवढंच मी त्यांना सांगितलं होतं. चौघींच्या वह्यांत आकडे नेहमीसारखे खालीवर उड्या मारत होते. ६६, ७१, ६४, ६९. एकीला मध्येच ८०, पुढे कंसात ‘सर्दी’. पाचव्या वहीत मात्र ६२ होतं. त्याखाली ६२. त्याखाली पुन्हा ६२. अकरा दिवस, एकाच हातानं, एकाच निळ्या पेनानं, एकाखाली एक नीट मांडलेले बासष्ट.

तीनच दिवसांपूर्वी हीच वही मी मैदानावर सगळ्यांसमोर उंच धरली होती. “बघा, हिची नाडी कशी स्थिर आहे. वेळेवर झोपते, नियमानं सराव करते, म्हणून.” ती आठवीतली मुलगी मान खाली घालून बुटाच्या टोकानं लाल माती उकरत राहिली होती. मला तो विनय वाटला. आता मेणबत्तीसमोर ते पान पुन्हा बघताना माझ्या पोटात काहीतरी हललं. अकरा दिवस एकच आकडा कुणाच्याच शरीराला देता येत नाही. उकाड्याच्या रात्रीनंतर वेगळा, उशिरा जेवल्यावर वेगळा, परीक्षेच्या सकाळी वेगळा. जिवंत माणसाची नाडी अशी ओळीत उभी राहत नाही.

हे मला मैदानावर कळायला हवं होतं, कारण ते मला फार लहानपणी कुणीतरी सांगितलं होतं.

माझी मावशी पणजीत प्रसूतीच्या वॉर्डात नर्स होती. पांढऱ्या साडीवर छातीशी उलटं लटकवलेलं घड्याळ असायचं. तिला मान खाली केली की सुलटं दिसायचं, आम्हाला उलटं. सुट्टीत मी तिच्याकडे राहायला गेले की ती मला नाडी बघायला शिकवायची. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला, हाडाच्या किंचित आत, तर्जनी आणि मधलं बोट. जास्त दाबायचं नाही, दाबलं की नाडी हरवते. आणि अंगठा कधीच लावायचा नाही. “अंगठ्यात स्वतःचा ठोका असतो. अंगठ्यानं मोजलंस तर समोरच्याला मोजतेस की स्वतःला, हे तुलाच कळणार नाही.” तिच्या बोटांना डेटॉलचा वास यायचा. तिच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत वॉर्डात पोटातल्या बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढणारं यंत्र आलं. एकदा तिनं टाकून दिलेली त्या कागदाची लांबलचक पट्टी मला घरी आणून दाखवली. करवतीच्या दात्यांसारखी खालीवर होणारी रेघ. मला वाटलं, बाळ घाबरलंय. मावशी म्हणाली, “ही चांगली रेघ. बाळ मजेत आहे. रेघ सपाट होऊन तशीच राहिली ना, की मी डॉक्टरांना हाक मारते.”

सपाट रेघ. तीच त्या रात्री माझ्यासमोर बासष्टच्या रूपात होती.

नाडी मिनिटाला साठ म्हणजे दर सेकंदाला बरोबर एक ठोका, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. दोन ठोक्यांमधलं अंतर एकदा ९४० मिलिसेकंद असतं, पुढचं १०३०, त्याच्या पुढचं ९८०. श्वास आत घेतला की ठोके जरा जवळ येतात, सोडला की लांबतात. शांत बसून, डोळे मिटून, मनगटावर बोटं ठेवून सावकाश श्वास घेतला तर हे कुणालाही जाणवतं. मी मुलींना करायला लावते आणि पहिल्यांदा जाणवल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. हृदयात ठोक्याची सुरुवात करणारी जी गाठ आहे, तिला एकटीला सोडलं तर ती मिनिटाला साधारण शंभर ठोके देईल. मेंदूकडून येणारा व्हेगस मज्जातंतू तिला लगाम घालतो. आराम झालेल्या, सुखरूप शरीरात हा लगाम क्षणाक्षणाला सैल होतो, आवळला जातो, म्हणून अंतरं कमीजास्त होतात. शरीर ताणाखाली असलं, सराव अंगावर आलेला असला, ताप येऊ घातला असला, की बहुतेक वेळा हा खेळ कमी होतो आणि ठोके एकसारखे पडायला लागतात. लागोपाठच्या अंतरांमधल्या याच फरकांचं गणित करून आजची घड्याळं सकाळी सकाळी सांगतात की आज जोर लावा किंवा आज राहू द्या. फिनलंडमधल्या संशोधकांनी २००७ साली धावणाऱ्यांच्या एका गटाचा सराव रोज सकाळच्या याच मोजणीवरून ठरवून पाहिला होता: मोजणी नेहमीसारखी असली तर जोराचा सराव, खाली घसरली तर हलका किंवा विश्रांती. आधीच छापलेल्या वेळापत्रकाऐवजी त्या सकाळच्या शरीराला विचारून दिवस ठरवायचा, ही कल्पना मला वाचल्यापासून फार आवडली होती.

माझ्या मुलींकडे ती घड्याळं नाहीत. माझ्याकडे छातीला बांधायचा एक पट्टा आहे, तो पाचजणींत फिरतो. बाकी दोन बोटं आणि शंभर पानी वही. त्यात अंतरं कळत नाहीत, नुसते ठोके कळतात. पण ठोके काही कमी सांगत नाहीत. सकाळची नाडी नेहमीपेक्षा पाच-सात ठोक्यांनी वर दिसली तर शरीर कालचं अजून फेडतंय, नाहीतर काहीतरी आजारपण दाराशी आहे, असं धरायला हरकत नसते. एका दिवसावर जायचं नाही, आठवड्याची सरासरी बघायची. आणि एकीचा आकडा दुसरीच्या शेजारी ठेवायचा नाही. तुझी ७० आणि तिची ५८ यात कुणीही कुणापेक्षा चांगलं नसतं. मोठ्या मुलींच्या पाळीच्या आधीच्या दिवसांत नाडी दोन-तीन ठोके वर राहते, तेही मी त्यांना सांगते आणि ते वहीत लिहायची सक्ती करत नाही. कधीकधी तर उलटंच होतं: लांब पल्ल्याचे फार दमलेले धावपटू असतात, त्यांची नाडी वर जाण्याऐवजी मंदावते. म्हणून आकड्याबरोबर चेहराही बघावा लागतो. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी मैदानावर ती वही उंच धरली.

मी कॉलेजात पंधराशे मीटर धावत असे. एका वर्षी विद्यापीठाच्या स्पर्धेआधी दोन आठवडे मला झोप लागेनाशी झाली. रात्री उशीवर कान ठेवला की आत कुणीतरी उखळात कांडत असल्यासारखे ठोके ऐकू यायचे. कूस बदलली तरी दुसऱ्या कानात तेच. सकाळी जिना चढताना मांड्या जड व्हायच्या. तोंडाला चव नव्हती, आईनं केलेलं माशाचं हुमणसुद्धा नको वाटायचं. आमचे प्रशिक्षक वाईट नव्हते, पण दमणं म्हणजे कमी पडणं, एवढंच त्यांना शिकवलं गेलं होतं आणि तेच ते आम्हाला शिकवत होते. रोज मैदानावर विचारायचे, “कशी आहेस?” मी रोज म्हणायचे, “एकदम ठीक, सर.” नाही म्हटलं असतं तर माझी जागा दुसरीला गेली असती. स्पर्धेत तिसऱ्या फेरीनंतर पाय माझे राहिले नाहीत. त्यानंतर तापानं अंथरुणाला खिळले आणि पुन्हा पहिल्यासारखं धावायला पुढचा पावसाळा उजाडला. नाडीची वही सुरू केली ती त्या आठवणीतून. मुलींना तोंडानं सांगावं लागू नये, आकड्यानं सांगावं, असं वाटलं होतं. तोंडातून ‘एकदम ठीक’ निघतं, नाडीतून निघत नाही, असा माझा भरवसा होता.

पण नाडी वहीत हातानंच लिहावी लागते.

गेल्या काही वर्षांत मी या मोजण्यांच्या मागे फार लागले होते, हे खरं आहे. १९७७ साली फिनलंडमध्ये पोलार ही कंपनी निघाली आणि १९८२ मध्ये तिनं छातीच्या पट्ट्यावरून मनगटावरच्या घड्याळात बिनतारी ठोके पाठवले. तोवर धावता धावता स्वतःचं हृदय बघणं सहज शक्य नव्हतं. ते वाचून मला वाटलं होतं, माझ्या कॉलेजच्या दिवसांत हे जगात होतं आणि माझ्यापर्यंत पोचलं नाही. मग व्यायामशाळांच्या भिंतींवर असतं ते गणित घेतलं: २२० वजा वय, म्हणजे तुमचे जास्तीत जास्त ठोके. ते १९७१ सालच्या एका लेखातलं, इकडून तिकडून गोळा केलेल्या आकड्यांवर नजरेनं ओढलेली रेघ. २००१ साली दुसऱ्यांनी २०८ वजा वयाच्या सात दशांश असं सुधारलं. चाळिशीला दोन्ही गणितं १८० वर भेटतात, पण चौदा वर्षांच्या मुलीला एक २०६ सांगतं आणि दुसरं १९८. आणि दोन्ही मोठ्या माणसांसाठी बेतलेली, लहान मुलीच्या हृदयाला ती तशीच लागू पडतील असं नाही. शिवाय आपली गोव्याची हवा. ऑक्टोबरात सकाळी आठलाच अंगावर ओलं फडकं टाकल्यासारखं होतं. घाम येतो पण वाळत नाही. अंग थंड करायला रक्त कातडीकडे धावतं, घामावाटे रक्तातलं पाणी कमी होतं, प्रत्येक ठोक्यात ढकललं जाणारं रक्त कमी पडतं, म्हणून हृदय ठोके वाढवतं. त्याच वेगानं धावणाऱ्या मुलीचे ठोके विसाव्या मिनिटाला दहाव्या मिनिटापेक्षा दहा-बारांनी वर असतात आणि तिनं वेग काडीचाही वाढवलेला नसतो. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतलं ॲथलेटिक्स बांबोळीला झालं, तेव्हा मुलींना घेऊन गेले होते. देशभरातले धावपटू शर्यतीनंतर सावलीत मानेवर ओले टॉवेल टाकून बसलेले बघून माझी एक मुलगी म्हणाली, “त्यांनाही आपल्यासारखंच होतं, टीचर?” त्यांनाही होतं.

पट्ट्याचं एक सांगायला हवं. तो छातीला, कातडीला लागून बांधतात. आतली बाजू पाण्यानं ओली करावी लागते. मुली एकमेकींना आडोशाला नेऊन बांधतात आणि आकडा माझ्या फोनवर दिसतो. पहिल्या दिवशी एक मुलगी रांगेत नुसती उभी होती, आणि फोनवर ११८. मला वाटलं पट्टा बिघडला. मग मी तिचं नाव पुकारलं आणि आकडा १३१ वर गेला. ती माझ्या हाकेला घाबरत होती. शर्यतीच्या आधी पाऊलही न टाकता ठोके वाढतात हे मला माहीत होतं, पण त्या दिवशी ते माझ्याच आवाजानं वाढताना मी बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. फोन पालथा घालून मी खिशात ठेवला. परक्याच्या घराच्या खिडकीतून आत डोकावल्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बासष्टवालीला थांबवलं. वही पुढे ठेवली, काही बोलले नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग तिनं वही माझ्या हातातून घेतली, उलटी केली आणि शेवटचं पान उघडलं. तिथे गणिताच्या कच्च्या कामाच्या खाली, पेन्सिलीनं, इतक्या पुसट की तिरपं धरल्याशिवाय दिसू नयेत असे आकडे होते. ६२, ६४, ७५, ७७, ६८, ६३. तारखांसकट. तिनं रोज मोजलं होतं. एकही दिवस चुकवला नव्हता.

“मग पुढच्या पानावर हे का नाही लिहिलंस?”

“फुलां आशिल्लीं, टीचर,” ती कोकणीत म्हणाली. मग मराठीत, अगदी हळू, “तुम्ही बसवलं असतंत.”

नियम माझाच होता. सरासरीपेक्षा सहा ठोके जास्त, तर त्या दिवशी जोराचं धावणं नाही, मैदानाला चालत फेऱ्या. गणेश चवथीनंतर निवड होती. जोराच्या धावण्यातल्या वेळा मी टिपत होते आणि त्यावरूनच नावं ठरणार होती. तिला जपायला केलेला नियम तिच्या बाजूनं बघितला तर सरळ शिक्षा होती. कॉलेजात मी “एकदम ठीक, सर” म्हणायचे, ते हिनं निळ्या पेनानं अकरा वेळा लिहिलं होतं.

त्या आठवड्यात मी म्हार्दोळला त्यांच्या घरी गेले. म्हाळसेच्या देवळापासून चार पावलांवर, उतारावरचं छोटं घर. सोप्यात ओल्या फडक्यावर जायांच्या, म्हणजे जाईच्या, कळ्यांचा ढीग होता आणि वास इतका दाट की पायरी चढतानाच घशाला लागला. जायो दुपारी खुडतात, संध्याकाळी उमलायच्या आत गुंफून व्हायला हव्यात, उशीर केला की त्यांना कुणी विचारत नाही. तिची आई केळीच्या सोपटाचा धागा पायाच्या अंगठ्यात ताणून धरून कळ्या ओवत होती, माझ्याशी बोलताना एकदाही खाली न बघता. रात्रीसाठी अबोली वेगळ्या टोपलीत. अबोलीला वास नाही, पण ती टिकते. दुसऱ्या दिवशी पहाटे देवळाशी न्यायच्या फात्या, म्हणजे गजरे, रात्री करून ठेवायच्या. रविवार म्हाळसेचा, सोमवारी मंगेशीला पालखी. शनिवारी आणि रविवारी रात्री सगळं घर फुलांना बसतं, एक वाजतो, कधी दीड. हे तिची आई तक्रार म्हणून सांगत नव्हती. पावसाळ्यात जायो असतात म्हणूनच शाळेचे बूट येतात, असं तिनं सांगितलं आणि माझ्यासमोर चहा ठेवला. मुलगी दाराच्या आड उभी होती. आईला मी वहीबद्दल काही सांगेन या भीतीनं तिच्या गळ्याजवळची शीर उडताना मला लांबून दिसत होती. मी सांगितलं नाही. फक्त म्हटलं की मलाही एक फाती शिकवा, आणि अर्धा तास बसून मी एक वेडीवाकडी फाती केली. तिनं ती माझ्या केसांत माळली.

घरी येऊन पेन्सिलीतले आकडे चौकटीच्या कागदावर मांडले. दर रविवारी आणि सोमवारी सकाळी रेघ वर, मंगळवारी उतार, बुधवारी पुन्हा बासष्ट-त्रेसष्टवर. मागच्या पानावर तिचं आख्खं घर होतं: म्हाळसेचा वार, मंगेशाचा वार, आईची टोपली, दीड वाजता मिटलेले डोळे. आणि माझं सगळ्यांत जोराचं धावणं, चारशेच्या सहा फेऱ्या, मी सोमवारी ठेवलं होतं. रविवारच्या सुट्टीनंतर मुली ताज्या असतात म्हणून. ती दोन वर्षं सोमवारी माझ्यासमोर मागे पडत होती आणि मी तिच्या प्रगतीच्या रकान्यात ‘जिद्द कमी’ असं लिहिलं होतं. ते माझ्या अक्षरात आहे. मी ते खोडलं नाही, खाली तारीख घालून दुसरी ओळ लिहिली.

सोमवारचं धावणं बुधवारी नेलं. वेळापत्रक बदलायला फारसं काही लागलं नाही, हेच जास्त टोचतं. नियमही बदलला: नाडी वर असेल त्या दिवशीच्या वेळा निवडीत धरायच्या नाहीत, जागा जात नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा संधी. वहीत आकड्याशेजारी रिकामा रकाना ठेवला, त्यात हवं ते लिहावं, नको असेल तर लिहू नये. पहिले काही दिवस सगळ्यांचे रकाने कोरे होते. मग एकीनं ‘पोट’ लिहिलं. एकीनं ‘आजोबा हॉस्पिटलात’. तिच्या रकान्यात सोमवारी, पेनानं, पुढच्या पानावर: ७६. फुलां.

निवडीत ती तिसरी आली. दोघींना घेतात. वेळ तिची आजवरची सगळ्यांत चांगली होती आणि ती त्या दिवशी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून म्हार्दोळपर्यंत रडली. ते बुधवार-सोमवार मला आधी सुचले असते तर काय झालं असतं, हे मी त्या प्रवासात खूपदा मोजून बघितलं. मी तिच्या शेजारी बसले होते आणि मला बोलायला काही सुचलं नाही. उतरताना म्हणाली, “उद्या मैदान आहे ना, टीचर?”

दुसऱ्या दिवशी ती आली. पावसाची उघडीप होती, माती अजून काळसर लाल, कुंपणापलीकडे पोदेराचा, पाववाल्याचा, भोंपू वाजत लांब जात होता. सहावी फेरी संपल्यावर ती धापा टाकत माझ्याकडे आली आणि न सांगता मनगट पुढे केलं. पट्टा त्या दिवशी दुसरीकडे होता. मी घड्याळ बघत तिचा हात धरला. गरम, घामानं निसरडा, बोटांना अजून फुलांचा हिरवा डाग. ठोके इतके जवळजवळ होते की मी मोजताना दोनदा चुकले. ती माझ्या हाताकडे बघत होती.

“टीचर, अंगठा काढा.”

मी अंगठा काढला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.